परदेशात फुटबॉलमध्ये फॉरवर्ड म्हणून खेळायला जाताय? पहिल्या बोलणीपासून शेवटच्या करारापर्यंत

परदेशी क्लबकडून विचारणा आली की घरात आधी क्लबच्या नावाची चर्चा होते, मग पगाराच्या आकड्याची, मग शहराची. फॉरवर्डने, म्हणजे पुढे राहून गोल करणाऱ्या खेळाडूने, हा क्रम उलटा लावावा असं माझं स्पष्ट मत आहे. पहिला प्रश्न एकच: तिथे मला मैदानावर मिनिटं किती मिळणार? गोलरक्षक पंचविशीपर्यंत दुसऱ्याच्या मागे थांबला तरी त्याचं फारसं बिघडत नाही. फॉरवर्डचं सगळं खातं गोलांवर चालतं आणि बाकावर बसून गोल होत नाहीत. एक हंगाम कोरा गेला की पुढचा क्लब विचारतो, गेल्या वर्षी काय केलंस?

नायजेरियाचा फॉरवर्ड व्हिक्टर ओसिमेनचं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये तो जर्मनीच्या वोल्फ्सबर्ग क्लबात गेला. दुखापती, आजारपण आणि तुटपुंजी संधी यांत तिथे त्याच्या नावावर एकही गोल लागला नाही. २०१८ मध्ये तो लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरता उसना, बेल्जियमच्या शार्लेरुआ क्लबात गेला. जर्मनीच्या मानाने लहान लीग, पण तिथे तो रोज खेळला आणि एका हंगामात २० गोल केले. तिथून फ्रान्सचा लील, मग इटलीचा नापोली, आणि २०२२-२३ मध्ये सेरी आ या इटलीच्या मुख्य लीगमध्ये २६ गोल करत नापोलीला ३३ वर्षांनी विजेतेपद. पुढे जे काही सांगतोय ते या एका कसोटीवर ताडून बघा.

पायरी १: आधी स्वतःचा हिशेब मांडा

"गेल्या हंगामात १२ गोल केले" या वाक्याला स्काउटच्या, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्याच्या, लेखी फारसा अर्थ नाही. तो लगेच विचारतो: पेनल्टी किती? मिनिटं किती? समजा, १२ पैकी ४ पेनल्टी आणि खेळलेली मिनिटं २,७००. म्हणजे तीस पूर्ण सामन्यांइतका वेळ आणि खुल्या खेळात ८ गोल. दर ९० मिनिटांना ०.२७. दुसरा एक जण फक्त १,०८० मिनिटं खेळला, पण पेनल्टी न घेता ७ गोल केले. त्याचा दर ०.५८ येतो. स्काउटची नजर या दुसऱ्यावर जाईल. पेनल्टी बाजूला काढतात, कारण चारपैकी तीनच्या आसपास पेनल्टी कुणीही घेतली तरी आत जातात.

त्यानंतर येतात 'अपेक्षित गोल', म्हणजे एक्सजी. कुठून, कोणत्या कोनातून, पायाने की डोक्याने शॉट मारला यावरून त्या संधीचं मोल काढतात. गोल कमी पण एक्सजी चांगला, याचा अर्थ पोरगा योग्य जागी पोचतोय, फक्त शेवट चुकतोय. असा खेळाडू घ्यायला चांगले क्लब तयार असतात. उलट, एक्सजी नगण्य आणि गोल भरपूर असतील तर ते लांबून लागलेले नशिबाचे शॉट असावेत, असा संशय घेतात.

व्हिडिओ पाठवताना फक्त गोलांचा तुकडा पाठवू नका. गाणं लावलेली चार मिनिटांची क्लिप सगळेच पाठवतात. दोन-तीन पूर्ण सामने द्या, त्यात एक हरलेला असू द्या. चेंडू गेल्यावर तुम्ही कमरेवर हात ठेवून उभे राहता की मागे धावता, हे त्यातच दिसतं.

आणि आपण कोणत्या जातीचे फॉरवर्ड आहोत ते एका वाक्यात सांगता यायला हवं. गोलकडे पाठ करून चेंडू धरून ठेवणारा, बचावफळीच्या मागच्या मोकळ्या जागेत पळणारा, की विंगवरून, म्हणजे मैदानाच्या कडेने, आत येणारा? "मी पुढे कुठेही खेळतो" असं म्हणणारा बहुतेक वेळा विंगवर अडकतो.

पायरी २: वय आणि मधला माणूस

फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांनुसार १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात नोंदणी होत नाही. अपवाद मोजकेच आहेत: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे स्थलांतरित झाले असतील, युरोपीय संघाच्या आतल्या आत १६ ते १८ वयात, शिक्षणाच्या अटी पाळून, किंवा घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील, असे. हा नियम मोडल्याबद्दल फिफाने २०१४ मध्ये बार्सिलोनासारख्या क्लबवर दोन ट्रान्सफर विंडोंची, म्हणजे खेळाडू घेण्याच्या दोन मुदतींची, बंदी घातली होती. तेव्हा पंधरा वर्षांच्या मुलाला "युरोपात करार मिळवून देतो" म्हणणारा एक तर नियम जाणत नाही, नाही तर तुम्हाला फसवतोय.

चाचणीसाठी आगाऊ पैसे मागितले की बोलणं तिथेच थांबवा. निमंत्रणपत्र आलं तर पत्रावरच्या नंबरावर फोन करून खात्री करू नका. क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावरचा पत्ता शोधून तिथे विचारा. पर्यटक व्हिसावर नेऊन परक्या शहरात सोडून दिलेल्या पोरांच्या गोष्टी फुटबॉलच्या जगात नव्या नाहीत.

एजंटाने फिफाची परीक्षा देऊन परवाना काढलेला असावा लागतो. परवानाधारकांची यादी फिफा जाहीर करतं. त्यात नाव नसेल तर काका असो की मोठा भाऊ, वाटाघाटीला त्याला बसवू नका. एजंटाशी करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा करता येतो. सही करण्याआधी त्याला सरळ विचारा: या व्यवहारात तू क्लबकडूनही पैसे घेणार आहेस का? घेणार असेल तर ते लेखी हवं. लपवून ठेवलेलं पुढे महागात पडतं.

पायरी ३: कुठे जायचं

दारं कुठे उघडी आहेत ते आधी बघा. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, इंग्लंडमध्ये बहुतेक परदेशी खेळाडूंना गुणांची चाळणी लागते. राष्ट्रीय संघाचे सामने, आधीच्या लीगचा दर्जा, क्लबसाठीची मिनिटं यांचे गुण मिळतात आणि साधारणपणे १५ गुण जमले की वर्क परमिटचा मार्ग मोकळा होतो. स्पेनच्या ला लीगामध्ये युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंसाठी संघात तीनच जागा असतात. जर्मनीत अशी वरची मर्यादा नाही. जिथे परदेशी जागा मोजक्या, तिथे क्लब ती जागा फुकट घालवत नाही, म्हणजे पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे गोल मागितले जातात. जर्मनी, बेल्जियम किंवा ऑस्ट्रियासारख्या लीगमध्ये रुळायला वेळ मिळण्याची शक्यता जास्त.

मग क्लबची चौकशी. हे प्रश्न मी लिहूनच न्यावेत म्हणतो, कारण समोर करार आला की विसरायला होतं. प्रशिक्षक एक फॉरवर्ड खेळवतो की दोन? तुमच्या जागेवर सध्या कोण आहे, त्याचं वय काय, त्याचा करार कधी संपतो? संघ दोन्ही बाजूंनी क्रॉस (कडेवरून गोलसमोर उंच चेंडू) टाकतो की मधून पास देतो? उंच, हेडरवर जगणाऱ्या फॉरवर्डला क्रॉसच न टाकणाऱ्या संघात नेऊन बसवलं तर दोष कुणाचा? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही कुणाला हवे आहात: प्रशिक्षकाला, की खेळाडूंची खरेदी-विक्री बघणाऱ्या स्पोर्टिंग डायरेक्टरला? प्रशिक्षकाची नोकरी चार पराभवांत जाऊ शकते. दोघांनाही हवे असाल तरच निर्धास्त व्हा.

फ्रान्सचा फॉरवर्ड थिएरी ऑन्री जानेवारी १९९९ मध्ये इटलीच्या युव्हेंटसला गेला. तिथे त्याला बाजूला, विंगवर खेळवलं आणि लीगमध्ये जेमतेम तीन गोल झाले. त्याच वर्षी इंग्लंडच्या आर्सेनलने त्याला घेतलं आणि प्रशिक्षक आर्सेन वेंगरने मध्ये, गोलसमोर आणलं. आर्सेनलसाठीचे त्याचे एकूण गोल २२८. खेळाडू तोच होता.

पायऱ्या लहान ठेवल्या तरी चालतात. नॉर्वेचा फॉरवर्ड अर्लिंग हालांड तिथल्या मोल्डेहून ऑस्ट्रियाच्या साल्झबर्गला, तिथून जर्मनीच्या डॉर्टमुंडला आणि २०२२ मध्ये मँचेस्टर सिटीला गेला. प्रत्येक ठिकाणी त्याला फार काळ बाकावर न राहता खेळायला मिळालं. पाच बदली खेळाडूंचा नियम २०२० मध्ये तात्पुरता आला आणि २०२२ मध्ये कायम झाला, तेव्हापासून दुसऱ्या पसंतीच्या फॉरवर्डलाही अर्ध्या-पाऊण तासाची संधी वरचेवर मिळते. पण ती मिनिटं सहसा दमलेल्या बचावफळीसमोर असतात आणि फक्त तेवढ्यावर कुणी मोठा करार देत नाही.

लोनवर जात असाल तर कागदात दोन गोष्टी बघा. हंगामाअखेर विकत घेण्याचा 'पर्याय' आहे की 'बंधन'? आणि मूळ क्लब मध्येच परत बोलवू शकतो का? गोल व्हायला लागलेत आणि जानेवारीत परत बाकावर बोलावलं, असं झालं तर ते लोन वाया गेलं.

पायरी ४: चाचणी

चाचणीच्या पहिल्या सकाळी तुमच्या अंगात बाकी सगळ्यांपेक्षा वेगळ्या रंगाचं बिब (जर्सीवर चढवायची बंडी) असतं आणि तुमचं नाव कुणालाच माहीत नसतं. लहान मैदानावर सातास सात खेळवतात. इथे नवख्या फॉरवर्डची एक नेहमीची गोची होते: चेंडूच मिळत नाही. बाकीचे एकमेकांना ओळखतात, ते ओळखीच्या माणसाला पास देतात. म्हणून वॉर्मअपमध्येच आपल्या बाजूच्या विंगरचं आणि मधल्या फळीतल्या एकाचं नाव विचारून घ्या आणि खेळताना त्या नावाने हाक मारा. पहिले दोन-तीन टच साधे ठेवा: आला, दिला, पुढे पळाला. पहिल्याच चेंडूवर तिघांना चकवायला गेलात आणि चेंडू गेला तर पुढची दहा मिनिटं कुणी पास देणार नाही. चेंडू मिळत नसेल तेव्हा समोरच्या सेंटर बॅकवर (मधल्या बचावपटूवर) धावून जा, त्याला वाईट पास द्यायला लावा. आजकाल फॉरवर्डकडून हे असं दडपण आणणं, म्हणजे प्रेसिंग, सगळेच मागतात आणि त्यासाठी कुणाच्या पासवर अवलंबून राहावं लागत नाही.

पायरी ५: करार

इथे घाई करू नका, आणि क्लबने सुचवलेला वकील घेऊ नका.

फिफाच्या नियमाने करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो; त्या देशाचा कायदा मुभा देत असेल तरच त्याहून लांबचा. १८ खालच्यांसाठी तीन वर्षांचा. वैद्यकीय तपासणी सहीच्या आधी होते. सही झाल्यावर "तपासणीत नापास झालास" किंवा "वर्क परमिट आलं नाही" म्हणून करार रद्द करण्याची अट क्लबला घालता येत नाही, असं फिफाचा नियम सांगतो. तरीही असं कलम घुसडलेले करार फिरत असतात.

पगाराचा आकडा करकपातीआधीचा की नंतरचा, हे पहिल्यांदा विचारा. इटलीसारख्या देशात हातात पडणारी रक्कम बोलण्याची पद्धत आहे, इंग्लंडमध्ये कर कापण्याआधीची. एकाच आकड्याचे हे दोन अर्थ निघतात आणि फरक जवळपास निम्म्याचा असू शकतो. चलन कोणतं, तेही लिहून घ्या.

मग बोनस. फॉरवर्डच्या करारात गोलांचा बोनस असतोच, पण माझं लक्ष सामन्यांच्या बोनसकडे जास्त असतं. कलम असं असतं: "२० सामन्यांत सहभाग झाल्यास अमुक रक्कम." आता सहभाग म्हणजे काय? पहिल्या अकरांत असणं? ४५ मिनिटं खेळणं? की ८९व्या मिनिटाला उतरलं तरी चालतं? हे लिहिलेलं नसेल तर एकोणिसाव्या सामन्यानंतर तुमच्या मांडीचा स्नायू अचानक सगळ्यांनाच काळजीचा वाटू लागेल. त्यापेक्षा १०, १५, २०, २५ असे टप्पे मागा, म्हणजे एका सामन्यावर मोठी रक्कम लटकत नाही. संघ खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला तर पगार कापण्याचं कलमही शोधा. ते बहुतेक वेळा मागच्या पानांवर असतं. तसं कलम असेल तर त्याच्या बदल्यात घसरणीनंतर ठरावीक रकमेला सोडण्याची अट मागून घ्या.

ठरावीक रकमेला सोडण्याच्या अशा अटीला रिलीज क्लॉज म्हणतात. डॉर्टमुंडशी करार करताना हालांडच्या बाजूने ते घालून घेतलं होतं, म्हणून सिटीला तो सहा कोटी युरोंना मिळाला. खुल्या बाजारात ही रक्कम किती तरी जास्त झाली असती. स्पेनमध्ये अशी रक्कम करारात असतेच. नेमारसाठी पॅरिसच्या क्लबने २०१७ मध्ये २२.२ कोटी युरो भरले ते त्याच वाटेने. लहान क्लबात जाताना हे कलम पगारापेक्षा मोलाचं ठरू शकतं.

कराराचे शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करायला तुम्ही मोकळे असता. करार संपल्यावर फुकट जाण्याचा हक्क युरोपात १५ डिसेंबर १९९५ च्या बोस्मन निकालाने (बेल्जियन खेळाडू बोस्मनच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने दिलेल्या) मिळाला. डॉर्टमुंडचा पोलिश फॉरवर्ड रॉबर्ट लेवांडोव्स्कीने जानेवारी २०१४ मध्ये असंच जर्मनीच्याच बायर्न क्लबशी ठरवून टाकलं आणि उन्हाळ्यात एक पैसाही न देता बायर्नला तो मिळाला. जी रक्कम क्लबला द्यावी लागत नाही, तिच्यातला वाटा सहीच्या बोनसमध्ये मागता येतो.

दोन भाषांत करार असेल तर वाद झाल्यास कोणती प्रत ग्राह्य, हे लिहिलेलं हवं. दोघांच्याही सह्या असलेली प्रत त्याच दिवशी हातात घ्या.

पगार थकला तर? दोन महिन्यांचे पगार थकले की क्लबला लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. तरी पैसे आले नाहीत तर योग्य कारणाने करार मोडता येतो. तक्रार फिफाच्या फुटबॉल न्यायाधिकरणाकडे दोन वर्षांच्या आत करावी लागते. फोनवरची आश्वासनं तिथे चालत नाहीत, म्हणून सगळं ईमेलवर. याउलट, पूर्ण हंगामात संघाच्या अधिकृत सामन्यांपैकी १० टक्क्यांहून कमी सामन्यांत खेळवलं गेलं, तर प्रस्थापित खेळाडूला खेळाच्या कारणास्तव करार मोडण्याची वाट आहे. ती वाट अरुंद आहे, हंगामाच्या शेवटच्या सामन्यानंतर १५ दिवसांतच वापरता येते आणि तरीही भरपाई द्यावी लागू शकते. वकिलाशिवाय तिकडे वळू नका.

करार तुमच्याकडून मोडला गेला तर काय होतं, हे एड्रियन मुटूला विचारावं. २००४ मध्ये चेल्सीचा हा रोमानियन फॉरवर्ड कोकेनच्या चाचणीत सापडला, क्लबने काढून टाकलं, आणि पुढे फिफाने त्याला १.७१ कोटी युरोंहून जास्त भरपाई द्यायला सांगितली.

महिला खेळाडूंसाठी आणखी एक: २०२१ पासून फिफाच्या नियमांत किमान १४ आठवड्यांची प्रसूती रजा आणि त्या काळात निदान दोन तृतीयांश पगार आहे. करारात याहून कमी लिहिलं असेल तर सही करू नका.

पायरी ६: नोंदणी

ही कामं क्लबं आणि महासंघ करतात. जुन्या देशाच्या महासंघाकडून आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र आल्याशिवाय पदार्पण नाही. तुम्ही फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. एका हंगामात तीन क्लबांत नोंदणी होऊ शकते पण अधिकृत सामने, काही अपवाद सोडता, दोघांसाठीच. आणि २३ वर्षांपर्यंत तुम्ही क्लब बदललात की जुन्या क्लबांना प्रशिक्षणाची भरपाई मिळते. ती नवा क्लब देतो, पण लहान क्लब याच खर्चाला बिचकून माघार घेतात. आधीच जुन्या क्लबाशी बोलून रक्कम कमी करून घेता आली तर दार उघडतं.

पायरी ७: पहिले सहा महिने

भाषा शिका, पण व्याकरणापासून सुरुवात नको. "मागे माणूस", "वळ", "सोड", "जवळचा खांब", "परत दे" एवढे पंधरा-वीस शब्द पहिल्या आठवड्यात पाठ हवेत. विंगर ओरडला आणि तुम्हाला अर्ध्या सेकंदाने कळलं तर बचावपटू पुढे पोचलेला असतो. दक्षिण कोरियाचा फॉरवर्ड सोन ह्युंग-मिन शाळकरी वयात जर्मनीत हॅम्बुर्गला गेला आणि जर्मन सफाईने बोलायला शिकला, ते त्याला पुढे ड्रेसिंग रूममध्येही उपयोगी पडलं.

गोल आटतात. सगळ्यांचेच. उरुग्वेच्या दिएगो फोर्लानला मँचेस्टर युनायटेडमध्ये पहिल्या गोलासाठी आठ महिने लागले. तोच पुढे व्हियारियाल आणि अ‍ॅटलेटिको या दोन्ही क्लबांकडून एकेका हंगामात स्पेनच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. लेवांडोव्स्कीने डॉर्टमुंडमधल्या पहिल्या हंगामात लीगमध्ये ८ गोल केले, बरेचदा बदली म्हणून उतरून. पुढच्या वर्षी २२. अशा काळात प्रशिक्षकाकडे जाऊन "मला का खेळवत नाही?" विचारू नका. "बॉक्समध्ये मी कुठे उशिरा पोचतोय, ते व्हिडिओवर दाखवाल का?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर टाळता येतं, दुसऱ्याचं द्यावं लागतं. आणि एक्सजी बघत राहा. संधी येत असतील तर पाय बदलू नका, शूज बदलू नका, नुसते खेळत राहा. संधीच येत नसतील तर मात्र पळण्याच्या जागा बदलायला हव्यात.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये स्नायूंच्या दुखापतींत हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) सगळ्यात पुढे असतो आणि पूर्ण वेगात पळणाऱ्या फॉरवर्डला तो हमखास गाठतो. नव्या देशात सरावाचा ताण अचानक वाढतो, म्हणून आधीच्या दुखापतींची फाइल क्लबच्या फिजिओला पहिल्याच दिवशी द्या. लपवलंत तर पहिल्या महिन्यातच कळेल. घरून आणलेलं सर्दीचं साधं औषधही क्लबच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. उत्तेजक चाचणीत "माहीत नव्हतं" हे उत्तर धरत नाहीत. फुटबॉलवर पैज लावणं तर पूर्ण बंद, मित्राच्या खात्यावरूनही.

राष्ट्रीय संघासाठी लांबचा प्रवास करून परत आल्यावर लगेच शनिवारी सामना असतो. क्लबला आधीच उड्डाणाच्या वेळा कळवा. राष्ट्रीय संघाकडून खेळताना २८ दिवसांहून जास्त चालणारी दुखापत झाली तर फिफा ठरावीक मर्यादेपर्यंत पगाराची भरपाई क्लबला देतं. हे लहान क्लबांच्या गावीही नसतं. तुम्ही सांगितलंत तर सोडताना कुरकुर कमी होते.

पायरी ८: दुसरा करार आणि पुढे

पहिला हंगाम चांगला गेला की क्लब लगेच मुदत वाढवू पाहतो. पगार वाढतो, पण रिलीज क्लॉज गायब होतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. तिशीनंतर करार एक-दीड वर्षाचे होतात, त्यात "आणखी एक वर्ष, क्लबच्या मर्जीने" असं कलम येतं. तो पर्याय दोघांच्या संमतीने किंवा ठरावीक सामने झाल्यावर आपोआप लागू व्हावा, असा आग्रह धरा. वय झालं म्हणून उगाच पडतं घेऊ नका: लेवांडोव्स्की ३३ व्या वर्षी बार्सिलोनाला गेला आणि २०२२-२३ मध्ये २३ गोलांनी ला लीगात अव्वल राहिला.

देश सोडताना तिथला कर भरल्याचा दाखला, सामाजिक सुरक्षेत जमा झालेल्या रकमांची पावती आणि प्रत्येक महिन्याची पगारपत्रकं सोबत न्या. ही कागदपत्रं क्लबच्या कार्यालयातून निघण्याआधी अर्ध्या तासात मिळतात. दोन वर्षांनी तिथला लेखापाल बदललेला असतो, कधी कधी क्लबच बुडालेला असतो, आणि निवृत्तिवेतन मागायला गेल्यावर पहिल्यांदा हीच पानं मागतात.